पायथनमधला अ‍ॅरे सी आणि फोरट्रानला देताना: क्रम, उडी आणि मालकी

सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारी रचना अशी: माहिती वाचायचे काम पायथनकडे, जड हिशेब सी किंवा फोरट्रानकडे आणि दोघांमध्ये सीटाइप्सचा (पायथनमधून सीचे फंक्शन बोलावणाऱ्या मॉड्यूलचा) पूल. प्रोग्राम चालतो, आकडे येतात, स्लाइडवर तक्ताही चढतो. पण आकडे चुकीचे असतात. प्रोग्राम कोसळला तर निदान चूक तरी कळते. अ‍ॅरे चुकीच्या क्रमाने वाचला गेला तर काहीच कोसळत नाही. म्हणून हा लेख कामाच्या क्रमावर आहे: आधी काय ठरवायचे, मग काय लिहायचे आणि प्रत्येक टप्प्यावर काय तपासायचे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतले आहे. सोलापूर जिल्ह्यातले ११ तालुके आणि १२ महिने, म्हणजे पावसाचा ११ × १२ चा तक्ता. ओळ म्हणजे तालुका, स्तंभ म्हणजे महिना. ओळींचे क्रमांक शून्यापासून: अक्कलकोट ०, उत्तर सोलापूर १, करमाळा २, दक्षिण सोलापूर ३, पंढरपूर ४, बार्शी ५, मंगळवेढा ६, माढा ७, माळशिरस ८, मोहोळ ९, सांगोला १०. जानेवारी ०, डिसेंबर ११. प्रत्येक घर ८ बाइटचे डबल, म्हणजे दशांश आकडा. एकूण १३२ घरे, १०५६ बाइट.

## टप्पा १: कोडच्या आधी करार लिहा

भाषेच्या सीमेपलीकडे अ‍ॅरे जात नाही. जातो तो फक्त एक पत्ता. पलीकडच्या फंक्शनला लांबी, प्रकार, क्रम यांतले काहीही आपोआप कळत नाही. त्यामुळे पुढच्या गोष्टी आधी कागदावर उतरवा आणि दोन्ही बाजूंच्या कोडमध्ये कॉमेंट म्हणून तशाच ठेवा.

१. घराचा प्रकार, बिटांसकट. नुसते ‘इंट’ किंवा ‘लाँग’ चालणार नाही. सीमधला लाँग ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. ‘३२ बिट पूर्णांक’, ‘६४ बिट डबल’ असेच लिहा.

२. आकार आणि कोणता अक्ष कशाचा.

३. क्रम: मेमरीत शेजारी शेजारी काय आहे? एका तालुक्याचे बारा महिने, की एका महिन्याचे अकरा तालुके?

४. कोण फक्त वाचणार, कोण लिहिणार.

५. मेमरी कोण घेणार, कोण सोडणार, आणि कॉल संपल्यावर पलीकडची बाजू पत्ता जपून ठेवणार का.

६. नोंद नसलेले घर कसे दाखवायचे. डबलमध्ये नॅन (‘हा आकडा नव्हे’ अशी खास किंमत) वापरत असाल तर सी कोड ‘फास्ट मॅथ’ पर्यायाने कंपाइल करू नका. त्या पर्यायात कंपायलर नॅन कधी येतच नाही असे धरून चालतो आणि नॅनची तपासणी काढून टाकू शकतो.

तपासणी: हा कागद वाचून दुसऱ्या माणसाला (ओळ ३, स्तंभ ७) हे घर सुरुवातीपासून कितव्या बाइटला आहे ते सांगता आले पाहिजे. ओळीच्या क्रमात ३ × १२ + ७ = ४३ वे घर, म्हणजे ३४४ वा बाइट. स्तंभाच्या क्रमात ३ + ७ × ११ = ८० वे घर, म्हणजे ६४० वा बाइट. दोन्हींपैकी कोणते, हे ठामपणे सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सीचे फंक्शन

फंक्शन साधे ठेवा: आत येणाऱ्या तक्त्याचा कॉन्स्ट डबल पॉइंटर (फक्त वाचायचा पत्ता), ओळींची संख्या, स्तंभांची संख्या, बाहेर जाणाऱ्या तालुकावार बेरजांचा डबल पॉइंटर. परत जाणारी किंमत म्हणजे ३२ बिट पूर्णांक त्रुटीसंकेत, शून्य म्हणजे ठीक. उत्तरे परतीच्या किमतीतून पाठवू नका, बाहेरच्या अ‍ॅरेत लिहा. फंक्शनच्या पहिल्या दोन ओळींत पॉइंटर रिकामा नाही आणि संख्या ऋण नाहीत एवढे पाहा.

सावधान: तक्ता दोन मिती आहे म्हणून सीमध्ये ‘डबल स्टार स्टार’ लिहिण्याची चूक फार होते. त्याचा अर्थ ‘पत्त्यांचा अ‍ॅरे’ असा आहे. नमपायचा (पायथनमधल्या अ‍ॅरेच्या लायब्ररीचा) तक्ता म्हणजे सलग डबल. फंक्शन पावसाच्या पहिल्या आकड्याचे ८ बाइट पत्ता समजून तिकडे जाते आणि प्रोग्राम तिथेच मरतो. एकच तारा घ्या आणि घराचा क्रमांक ‘ओळ × स्तंभसंख्या + स्तंभ’ असा स्वतः काढा.

## टप्पा ३: फोरट्रानचे फंक्शन

फोरट्रानमध्ये तीन गोष्टी विसरल्या जातात आणि तिन्हींची लक्षणे वेगळी असतात.

पहिली, बाइंड सी, म्हणजे फंक्शनचे नाव सीच्या पद्धतीने ठेवायला सांगणारा शब्द. ते नसेल तर कंपायलर नाव बदलतो. जीफोरट्रान हा फोरट्रानचा कंपायलर सगळी अक्षरे लहान करून शेवटी अधोरेखा जोडतो, मग पायथन ‘असे नाव सापडले नाही’ म्हणून थांबतो. नाव नक्की काय झाले ते लिनक्सवर एनएम कमांडने दिसते. प्रकारांसाठी २००३ च्या फोरट्रान मानकात आलेले आयएसओ सी बाइंडिंग मॉड्यूल वापरा आणि त्यातलेच सी डबल, सी इंट हे काइंड घ्या.

दुसरी, व्हॅल्यू, म्हणजे पत्ता नव्हे तर किंमत घ्या असे सांगणारा शब्द. फोरट्रान सगळे अर्ग्युमेंट पत्त्याने घेतो. ओळींची संख्या ११ तुम्ही थेट पाठवली आणि तिकडे व्हॅल्यू लिहिले नसेल, तर फोरट्रान ११ हा मेमरीचा पत्ता समजतो. परिणाम: सेगमेंटेशन फॉल्ट (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम कोसळणे), तोही पहिल्याच ओळीत.

तिसरी, कोलन-कोलन आकाराचे अ‍ॅरे. फोरट्रानच्या आत ते सोयीचे असतात, पण त्यांना नुसता पत्ता पुरत नाही. आकार आणि उड्या सांगणारा वर्णनपट सोबत लागतो आणि सीटाइप्स तो पाठवत नाही. सीमेवरच्या फंक्शनमध्ये आकार स्पष्ट लिहा. आतल्या फंक्शनला पुढे कोणत्याही रूपात द्या.

आता क्रम. फोरट्रानमध्ये पहिला निर्देशांक सर्वांत वेगाने फिरतो, म्हणजे स्तंभाचा क्रम. इथे बहुतेक जण पायथनमध्ये तक्ता उलटवून, म्हणजे ओळी आणि स्तंभांची अदलाबदल करून, पाठवतात. त्याची गरज नाही. ओळीच्या क्रमातला ११ × १२ आणि स्तंभाच्या क्रमातला १२ × ११ यांची मेमरी तंतोतंत एकच असते. म्हणून फोरट्रानमध्ये अ‍ॅरे (महिने, तालुके) असा जाहीर करा. पायथनमधले (३, ७) हे घर तिथे (८, ४) होते: अक्षांची अदलाबदल, आणि फोरट्रान १ पासून मोजतो म्हणून दोन्हींत एकाची भर. पडताळा करा: ७ + ३ × १२ = ४३. तेच घर, एकही बाइट न हलवता. तालुक्याची बेरीज करताना आतला लूप महिन्यांवर ठेवा, म्हणजे मेमरी सलग वाचली जाते.

## टप्पा ४: पायथनची बाजू

क्रम असा ठेवा: लायब्ररी लोड करा, लगेच अर्गटाइप्स (आत जाणाऱ्या किमतींचे प्रकार) आणि रेसटाइप (परत येणाऱ्या किमतीचा प्रकार) लिहा, मग एक छोटे पायथन फंक्शन लिहा, आणि बाकीच्या प्रोग्रामला फक्त ते फंक्शन दाखवा.

अर्गटाइप्स न लिहिता कॉल करणे ही या सगळ्यातली सर्वांत महागडी बचत आहे. सीटाइप्स अशा वेळी पायथनचा पूर्णांक सीचा ‘इंट’ म्हणून पाठवतो. अ‍ॅरेचा पत्ता नमपायकडून साध्या पूर्णांकाच्या रूपात घेतला असेल तर त्याचे वरचे ३२ बिट गळू शकतात. परतीच्या बाजूलाही तसेच: रेसटाइप लिहिला नाही तर परत येणारी प्रत्येक किंमत इंट धरली जाते. डबल परत करणारे फंक्शन मग निरर्थक आकडा देते आणि पॉइंटर परत करणारे फंक्शन अर्धा पत्ता देते. धोका हा की छोट्या चाचणीत पत्ता योगायोगाने लहान असेल तर सगळे सुरळीत दिसते.

अ‍ॅरेसाठी नमपायचा एनडीपॉइंटर हा तपासणी करणारा प्रकार अर्गटाइप्समध्ये वापरा. त्याला प्रकार फ्लोट६४ (६४ बिट डबल), मिती २ आणि ‘सी कंटिग्युअस’ (ओळीच्या क्रमात सलग) हा फ्लॅग द्या. उत्तराच्या अ‍ॅरेसाठी मिती १ आणि ‘रायटेबल’ हा फ्लॅगही द्या. आता चुकीचा अ‍ॅरे आला तर कॉलच्या आधीच आर्ग्युमेंटएरर येतो.

ठरावीक शेप (आकार) दिला नसेल तर एनडीपॉइंटर लांबी मात्र तपासत नाही. म्हणून ते छोटे फंक्शन लागते. वापरणाऱ्याकडून फक्त अ‍ॅरे घ्या, ओळी आणि स्तंभ अ‍ॅरेच्या शेपमधून स्वतः काढा, उत्तराचा अ‍ॅरे तिथेच तयार करा, त्रुटीसंकेत शून्य नसेल तर एक्सेप्शन उठवा. लांबी हाताने लिहायची मुभा ठेवली की कोणी ना कोणी एक दिवस १२ च्या जागी ११ लिहितोच.

सावधान, पूर्णांकांचा सापळा: सीएसव्ही फाइलच्या एखाद्या स्तंभात सगळे आकडे पूर्ण असतील तर पांडाज (तक्ते वाचणारी पायथन लायब्ररी) तो स्तंभ ६४ बिट पूर्णांक म्हणून वाचतो. एखादे घर रिकामे असेल तर तोच स्तंभ फ्लोट६४ होतो. त्यामुळे एकाच कोडला एका वर्षाची फाइल चालते आणि दुसऱ्या वर्षाची नाही. पूर्णांकाचे ८ बाइट सीने डबल म्हणून वाचले तर लहान आकडे शून्याला चिकटलेले दिसतात. सगळीकडे ०.० छापून आले तर पाऊस पडला नाही असे समजू नका, प्रकार पाहा. फ्लोट३२ असेल तर आणखी वाईट: बफर ५२८ बाइटचाच असतो आणि फंक्शन १०५६ बाइट वाचते.

विंडोजवर लायब्ररी लोड होत नसेल तर दोन गोष्टी पाहा. पायथन ६४ बिट आणि डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) ३२ बिट असे झाले आहे का, आणि जीफोरट्रानची स्वतःची रनटाइम डीएलएल सापडते आहे का. पायथन ३.८ पासून अशा अवलंबित डीएलएल पाथ व्हेरिएबलमधून शोधल्या जात नाहीत. त्यांचा फोल्डर कोडमधून वेगळा जोडावा लागतो.

## टप्पा ५: क्रमाची चाचणी

खरी माहिती भरण्याआधी तक्ता असा भरा: प्रत्येक घरात ‘ओळ × १०० + स्तंभ’. दक्षिण सोलापूरचा ऑगस्ट म्हणजे ३०७. आकडा वाचताच तो कुठल्या घरातला ते कळते.

एकच घर परत देणारे छोटे सी फंक्शन लिहून त्याच्याकडून (३, ७) हे घर मागा. ३०७ आले तर क्रम बरोबर. ६०८ आले तर फंक्शन ओळीच्या क्रमातली मेमरी स्तंभाच्या क्रमाने वाचते आहे: ८० वे घर म्हणजे ओळ ६, स्तंभ ८, मंगळवेढ्याचा सप्टेंबर. ४०८ आले तर १ पासून मोजण्याचा घोळ आहे.

ही चाचणी टाळून लोक तीन चुकीच्या चाचण्या करतात. सगळ्या घरांत १ भरून पाहतात. त्यात क्रम दिसतच नाही. चौरस तक्ता घेतात. त्यात ओळी आणि स्तंभांची संख्या उलटसुलट झाली तरी कळत नाही. आणि सर्वांत फसवी तिसरी: जिल्ह्याची एकूण बेरीज जुळवून पाहतात. क्रम कितीही चुकला तरी १३२ घरांची बेरीज तीच राहणार. जिल्हा जुळतो, तालुके चुकतात. पडताळा नेहमी एकेका घराचा आणि एकेका ओळीचा करा.

## टप्पा ६: कापलेले आणि उलटवलेले तक्ते

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण नमपायमध्ये तुकडा कापला किंवा तक्ता उलटवला तरी मेमरी हलत नाही. बदलतात त्या फक्त स्ट्राइड्स, म्हणजे पुढच्या ओळीला आणि पुढच्या स्तंभाला जायला किती बाइटची उडी मारायची ते आकडे.

आपल्या पूर्ण तक्त्याच्या स्ट्राइड्स (९६, ८) आहेत. जून ते सप्टेंबर हे चार स्तंभ कापले तर आकार ११ × ४ होतो, पण स्ट्राइड्स (९६, ८) च राहतात. सी फंक्शनला हा पत्ता देऊन ‘४ स्तंभ’ सांगितले, तर ते पहिल्या चार घरांनंतर लगेच दुसरी ओळ सुरू झाली असे धरते. अक्कलकोटचा ऑक्टोबर मग उत्तर सोलापूरचा जून म्हणून मोजला जातो. तक्ता उलटवला तर स्ट्राइड्स (८, ९६) होतात. पांडाजमधून काढलेला तक्ताही अनेकदा स्तंभाच्या क्रमात येतो, कोणी काही उलटवलेले नसताना.

उपाय दोन. एक म्हणजे कॉलच्या आधी अ‍ॅझकंटिग्युअसअ‍ॅरे वापरून सलग प्रत घेणे. लक्षात ठेवा, अ‍ॅरे आधीच सलग असेल तर ते फंक्शन मूळ अ‍ॅरेच परत देते, नाहीतर नवी प्रत. म्हणून ज्या अ‍ॅरेत सी फंक्शन लिहिणार आहे त्याला हा उपाय लावू नका: उत्तर प्रतीत जाईल आणि मूळ तक्ता जसाच्या तसा राहील. उत्तराचा अ‍ॅरे नेहमी नवा आणि सलग तयार करा.

दुसरा उपाय म्हणजे सी फंक्शनलाच ओळीची उडी वेगळी सांगणे. चित्रांच्या बाबतीत हाच योग्य. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांसाठी जेकार्डचे (नक्षी विणणाऱ्या यंत्राचे) डिझाइन ८ बिट बिटमॅपमध्ये येते तेव्हा एक पिक्सेल म्हणजे एक बाइट, पण बिटमॅप फाइलमध्ये प्रत्येक ओळ ४ च्या पटीत पूर्ण केली जाते. १३४४ हुकांची, म्हणजे १३४४ पिक्सेलची, रुंदी ४ ने भागली जाते, त्यामुळे काहीच बिघडत नाही. तेच डिझाइन १३५० स्तंभांचे केले की ओळ १३५२ बाइटची होते आणि दर ओळीला २ बाइट सरकत चादरीवरचे फूल तिरके पडते. तिरके डिझाइन दिसले की रंग तपासत बसू नका, आधी ओळीची उडी तपासा. उभे उलटे दिसले तर कारण वेगळे: बिटमॅपच्या ओळी साधारणपणे खालून वर साठवलेल्या असतात.

तपासणी: कॉलच्या आधी शेप, स्ट्राइड्स, डीटाइप (घराचा प्रकार) आणि फ्लॅग्ज हे चारही छापून कागदावरच्या कराराशी ताडून पाहा.

## टप्पा ७: मेमरीची मालकी

नियम एकच ठेवा: मेमरी बोलावणारा घेतो, बोलावणाराच सोडतो. उत्तराची लांबी आधी माहीत नसेल तर फंक्शन दोनदा बोलवा. पहिल्यांदा रिकामा पॉइंटर देऊन लांबी विचारा, तेवढा अ‍ॅरे तयार करा, मग खरा कॉल. असे करणार असाल तर टप्पा २ मधली रिकाम्या पॉइंटरची तपासणी बाहेरच्या अ‍ॅरेपुरती सैल करा.

सी लायब्ररी स्वतः मेमरी घेऊन पत्ता परत करत असेल तर ती सोडणारे फंक्शनही त्याच लायब्ररीत हवे. पायथनमधून दुसऱ्याच लायब्ररीचे फ्री (मेमरी सोडणारे फंक्शन) बोलवू नका. विंडोजवर दोन डीएलएलच्या हीप (मेमरी जिथून दिली जाते ते साठे) वेगळ्या असू शकतात आणि मग प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. आलेल्या पत्त्यावरून केलेला नमपाय अ‍ॅरे ही प्रत नसते. आधी प्रत घ्या, मग सोडा.

उलट बाजूची चूक अशी: एकाच ओळीत सलग प्रत घेऊन तिचा पत्ता पूर्णांक म्हणून काढणे. त्या प्रतीला नाव नाही, ओळ संपली की पायथन ती टाकून देतो आणि हातात शिळा पत्ता उरतो. प्रतीला व्हेरिएबल द्या आणि कॉल संपेपर्यंत ते जिवंत ठेवा. लायब्ररी पत्ता जपून ठेवणार असेल तर लायब्ररीचे काम संपेपर्यंत.

थ्रेड (एकाच प्रोग्राममधली समांतर चालणारी कामे) वापरत असाल तर आणखी एक. सीटाइप्सचा नेहमीचा लोडर कॉल चालू असताना पायथनचे जागतिक कुलूप (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारे) सोडतो. दुसरा थ्रेड तेवढ्यात तोच अ‍ॅरे बदलू शकतो.

## टप्पा ८: नावे आणि स्ट्रक्चर

तालुक्यांची नावे पाठवायची असतील तर बाइट मोजा, अक्षरे नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे आहेत. ‘सोलापूर’ २१ बाइटचे, ‘माढा’ १२ चे, ‘दक्षिण सोलापूर’ मधली मोकळी जागा धरून ४० चे. वर शेवटच्या शून्याचा एक. २० बाइटची जागा ठेवली की नाव एखाद्या चिन्हाच्या मधोमध तुटते आणि पलीकडे चौकोन दिसतात. या यादीला प्रत्येकी ६४ बाइट पुरेसे आहेत.

स्ट्रक्चरच्या अ‍ॅरेत भरती, म्हणजे कंपायलर मध्ये सोडतो ती रिकामी जागा, विसरू नका. ३२ बिट पूर्णांक आणि त्यानंतर डबल, ही बेरीज १२ होते, पण नेहमीच्या ६४-बिट कंपायलरमध्ये स्ट्रक्चर १६ बाइटचे असते. नमपायचा डीटाइप अलाइन चालू करून घ्या आणि दोन्हीकडचा आकार छापून जुळवा. शक्य असेल तिथे स्ट्रक्चर टाळून प्रत्येक स्तंभाचा वेगळा अ‍ॅरे पाठवा. बहुतेक वेळा तेच सोपे जाते.

## इतर भाषांत काय बदलते

आर आणि ज्युलिया स्तंभाच्या क्रमाच्या आणि १ पासून मोजणाऱ्या आहेत. टप्पा ३ मधला अक्ष बदलण्याचा मार्ग तिथेही चालतो. आरमध्ये पूर्णांक ३२ बिटचा आणि लॉजिकलही ४ बाइटचा असतो, तर नमपायचा बूल १ बाइटचा.

जावामध्ये जेएनआयने (जावा आणि सीमधल्या पुलाने) मिळालेला पत्ता मूळ अ‍ॅरेचा असेल किंवा प्रतीचा. काम झाल्यावर रिलीज केले नाही तर बदल परत पोचतील याची खात्री नाही. गोमध्ये स्लाइसची (अ‍ॅरेच्या तुकड्याची) स्लाइस म्हणजे सलग तक्ता नव्हे. एकच सलग स्लाइस ठेवा आणि पहिल्या घराचा पत्ता द्या. कॉल संपल्यावर सीने तो जपून ठेवता कामा नये. रस्टमध्ये पत्ता आणि लांबीवरून स्लाइस बनवताना लांबी शून्य असली तरी रिकामा पॉइंटर चालत नाही, आधी तपासा.

## तरीही कोसळत असेल तर

पायथनचा फॉल्टहँडलर चालू करा; कोणत्या कॉलमध्ये मेले ते कळते. मग पायथन बाजूला ठेवा. सीमध्येच छोटा मुख्य प्रोग्राम लिहा, त्यात टप्पा ५ मधला ‘ओळ × १०० + स्तंभ’ तक्ता भरा, अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसह (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या पर्यायासह) कंपाइल करा आणि तेच फंक्शन बोलवा. तिथे चूक आली तर ती हिशेबात आहे. तिथे सगळे स्वच्छ आणि पायथनमधून मात्र कोसळते, तर चूक सीमेवर आहे: आधी अर्गटाइप्स, मग डीटाइप, मग स्ट्राइड्स, शेवटी प्रतीचे आयुष्य, याच क्रमाने शोधा.